सर्कशीचे पोशाख ऑनलाइन मांडताना: समोरची बाजू आधी की आतली?
(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

टाचणी
बडोद्यात सर्कशीच्या पोशाखांचं एक ऑनलाइन प्रदर्शन उभं राहतंय. पोशाख चाळीस: झुल्यावरच्यांचे, तारेवर चालणाऱ्यांचे, जोकरांचे, घोडेस्वारांचे, बॅण्डवाल्यांचे दोन कोट आणि हत्तीची एक झूल. काळ साधारण १९५० ते १९९०. बघणारे बहुतेक मोबाइलवर बघणार. पैसे थोडे, माणसं तीन.

माझं मत आधीच सांगते. सर्कशीचा पोशाख हे कामाचं अवजार आहे. तो कुठे झिजला, कुठे दुहेरी शिवला, कुठे टिकली मुद्दाम लावलीच नाही, हे कळलं की घालणारा काय करत होता ते कळतं. म्हणून प्रत्येक पोशाखाचं पहिलं चित्र समोरच्या चमकीचं नसावं, उलटा करून काढलेल्या आतल्या बाजूचं असावं, असं मला वाटतं. गटातल्या बाकी दोघांना हे पटत नाही.

प्रश्न तीन. मांडणी काळाप्रमाणे की कसरतीप्रमाणे? सगळ्या पोशाखांचं थ्रीडी करायचं का? आणि फोटोआधी धुणं-इस्त्री करावी का, कारण डाग फार आहेत.

मांजरपाट
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते चुकलं तर बाकी दोन प्रश्न उरणारच नाहीत. धुवू नका. वाफेची इस्त्री तर अजिबात नको.

टिकल्या कशाच्या आहेत ते कळेपर्यंत पाणी आणि उष्णता दोन्ही लांब ठेवा. १९३०च्या सुमारास जिलेटिनच्या टिकल्या चालत. त्या पाण्यात विरघळतात, वाफेने एकमेकींना चिकटतात. सेल्युलोज नायट्रेट या प्लास्टिकच्या जुन्या टिकल्या पिवळ्या पडतात, तडकतात, आम्ल सोडतात आणि झटकन पेटतात. पॉलिएस्टर फिल्मच्या नंतरच्या टिकल्या पाण्याला टिकतात, पण इस्त्री लागली की कडा वळतात. तुमचे पोशाख १९५० नंतरचे असले तरी त्यावरची टिकली त्याहून जुन्या कपड्यावरून उसवून लावलेली असू शकते, त्यामुळे वर्षावरून अंदाज बांधू नका. काडी पेटवून ओळखण्याची 'चाचणी' कुणी सुचवली तर ऐकू नका.

आता डाग. काखेतला पिवळेपणा घामाचा, मांडीच्या आत आणि गुडघ्यामागे चिकट तपकिरी थर असेल तर तो पकडीसाठी लावलेल्या राळेचा, पांढरा थर हाताच्या पावडरीचा. हे सगळं टाचणीताईंच्या 'अवजार' या म्हणण्याचा पुरावाच आहे. धुतलं की पुरावा गटारात.

करायचं ते एवढंच: पोशाख स्वच्छ धुतलेल्या, खळ नसलेल्या मांजरपाटावर आडवा ठेवायचा. कमी ओढीच्या व्हॅक्यूमच्या तोंडाला नायलॉनची बारीक जाळी बांधायची, म्हणजे सुटी टिकली आत जाणार नाही. मऊ ब्रशने धूळ नळीच्या दिशेला ढकलायची, कापड घासायचं नाही. पडलेली प्रत्येक टिकली त्या पोशाखाच्या क्रमांकाच्या पाकिटात. सुरकुत्यांसाठी आम्लरहित टिश्यूचे लांब गुंडाळे बाह्यांत, कमरेत, आसनात भरून पोशाख एक दिवस तसाच ठेवा. बऱ्याच सुरकुत्या आपोआप बसतात. उरतील त्या उरू द्या.

रावपुरेकर
जरीचं काय? काही पोशाखांवर सुरती जर असणारच, आपल्याकडून सुरत हाकेच्या अंतरावर.

मांजरपाट
खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली तार. ती काळी पडते. तांब्याच्या तारेची नकली जर घामाने हिरवी होते आणि खालचं कापडही खाते. प्लास्टिक फिल्मच्या जरीचा वरचा थर सोलून निघतो, खाली पांढरट पट्टी दिसते. तिन्ही वेगवेगळी म्हणून नोंदवा, नुसतं 'जरीकाम' लिहून सोडू नका.

लिंबू, चिंच, टूथपेस्ट यातलं काही लावू नका. आणि रबरबॅण्ड, फोमचे तुकडे, लोकरीचं कापड जरीजवळ ठेवू नका. त्यांतल्या गंधकाने चांदी लवकर काळी पडते.

कमाटीबाग
फोटोबद्दल. आधी गणित करून घ्या, म्हणजे कॅमेऱ्यावरून वाद होणार नाहीत.

झुल्यावरचा अंगाबरोबरचा पोशाख खांद्यापासून आसनापर्यंत साधारण ७० सेंटिमीटर, म्हणजे साडेसत्तावीस इंच. वस्तूच्या मापाला इंचामागे ३०० पिक्सेल हवे असतील तर उभ्या बाजूला ८,२०० च्या वर पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६,००० देतो, म्हणजे इंचामागे २१७ च्या आसपास. पूर्ण पोशाखासाठी एवढं पुरे आहे. ज्या जागी टाका न् टाका दाखवायचा, तिथे जवळून वेगळा फोटो घ्या. महाग कॅमेरा भाड्याने आणण्यापेक्षा तो पैसा दिव्यांवर घाला.

दिवे रंगदर्शक निर्देशांक (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९५ च्या वरचे, साधारण ५००० केल्विनचे, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखे, दोन बाजूंनी ४५ अंशांवर. घरगुती ट्यूबखाली लाल रंग मरतो, आणि सर्कशीच्या पोशाखात लाल नाही असं क्वचितच. प्रत्येक मालिकेच्या पहिल्या फोटोत चोवीस रंगांचं कार्ड आणि सेंटिमीटरची पट्टी. कॅमेऱ्याची कच्ची (रॉ) फाइल ठेवा, तिच्यावरून टिफ, म्हणजे दर्जा न घटवता साठवलेलं चित्र. कापडावर प्रकाश ५० लक्सच्या आत असावा हा नियम कायम मांडून ठेवण्यासाठी आहे. फोटोच्या वेळी जास्त लागला तर चालतो, पण चौकट जुळवताना कमी ठेवा, फोटो झाला की लगेच बंद. दिवा लावून चहाला गेलात असं नको.

एका पोशाखाला वीस फोटो धरा. १६ बिटची २४ मेगापिक्सेल टिफ १४४ एमबी होते. चाळीस पोशाख म्हणजे आठशे फोटो, साधारण ११५ जीबी. कच्च्या फाइली वेगळ्या. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत. बडोद्याचा पूर लक्षात घेता दुसरी इमारत विश्वामित्री नदीच्या काठावर नसावी.

झगमग
टिकल्यांची चकाकी फोटोत पांढरे डाग होऊन येते. दिव्यावर पोलरायझिंग पत्रा (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश सोडणारा) आणि लेन्सवर फिल्टर आडवा फिरवला की जाते. सगळे फोटो तसेच काढावेत.

कमाटीबाग
सगळे नको. त्या पद्धतीने कापडाचा रंग आणि डाग छान दिसतात, पण धातूच्या टिकल्या आणि जर काळपट होतात, कारण धातूवरून परतणारा प्रकाश आपली कंपनाची दिशा फारशी बदलत नाही आणि फिल्टर तो पूर्ण अडवतो. बघणाऱ्याला वाटेल पोशाख विटलाय. म्हणून कॅमेरा न हलवता दोन फोटो: एक फिल्टर आडवा, एक सरळ. पडद्यावर बोटाने सरकवून दोन्ही एकावर एक दाखवता येतात. पोशाख 'कसा आहे' आणि 'कसा दिसायचा' हे दोन्ही त्यात येतं.

शिंपीआळी
टाचणीताई, आतली बाजू पहिली या मताला माझा पूर्ण पाठिंबा. आत काय बघायचं ते लिहितो.

आसन. अंगाबरोबरच्या पोशाखात सगळ्यात आधी फाटतं ते आसन. तिथे चौकोनी किंवा डोळ्याच्या आकाराची कळी (ताणाला जागा देणारा जोडतुकडा) घातलेली असेल तर शिवणाऱ्याला पाय किती फाकणार याचा अंदाज होता. कळी नंतर घातली असेल तर तिचं कापड वेगळं असतं, टीप वेगळ्या दोऱ्याची असते. दोन्ही दोऱ्यांचा जवळून फोटो घ्या.

काख आणि मुंढा. साध्या पोलक्याचा मुंढा (बाही जोडायची गोलाई) खोल कापतात. झुल्यावर हात सतत वर असतात. मुंढा खोल असेल तर हात उचलताच सगळा पोशाख वर ओढला जातो. म्हणून मुंढा उथळ, काखेला जवळ, आणि खाली कळी. हातमोज्यासारखा बसला पाहिजे.

टिकल्या कुठे नाहीत ते बघा. दोराच्या कसरतीत गुडघ्यामागे, मांडीच्या आत, कमरेभोवती दोर घासतो. तिथे टिकली लावली तर दोर अडकतो आणि कातडीही सोलते. झुल्यावर पकडणारा गुडघ्यात अडकून उलटा लोंबतो, त्याच्या पायघोळाचं कापड गुडघ्यामागे चमकायला लागतं. त्याच्या मनगटाजवळ तर काहीच नसतं, कारण तिथे दुसऱ्याचा हात येतो. अंगाच्या घड्या करणाऱ्या मुलीच्या पोशाखाला पाठीवर चेन नसते, मणक्यात रुतते. बांधायचे बंद बगलेला किंवा खांद्यावर. तारेवरच्यांच्या जोड्याचा तळ मऊ चामड्याचा, तारेची खाच त्यावर स्पष्ट उमटलेली असते. तळाचा फोटो बाजूने दिवा टाकून घ्या.

जोकरचा कोट उलटा केलात तर गळ्यात तार, खिशात कापडी नळी, कुठेतरी झटक्यात सुटणारी शिवण सापडेल. तिथे बटणाऐवजी वेल्क्रोची चिकटपट्टी असेल तर पोशाख, निदान तो भाग, १९५५ नंतरचा.

यावरून पहिल्या प्रश्नाचं उत्तरही येतं. मांडणी कसरतीप्रमाणेच. काळाप्रमाणे लावलंत तर झुल्याचा पोशाख बॅण्डच्या कोटाशेजारी येईल आणि दोन्हीचं काहीच कळणार नाही.

पोलोमैदान
इथे मी सहमत नाही. काळ काढून टाकला तर हे पोशाख हवेतून पडल्यासारखे वाटतील.

अंगाबरोबर बसणारा पोशाख कुठून आला? झ्यूल लेओतार या फ्रेंच माणसाने १२ नोव्हेंबर १८५९ ला पॅरिसच्या सर्क नापोलियोंमध्ये उडत्या झुल्याचा पहिला खेळ केला, तेव्हा तो विणलेला अंगाबरोबरचा पोशाख घालून होता. त्याचं नाव त्या कपड्याला त्याच्या मृत्यूनंतर चिकटलं. भारतात १८७९ ला किआरिनीची इटालियन सर्कस आली, १८८० ला विष्णुपंत छत्र्यांनी आपली सर्कस काढली. म्हणजे छत्रे पोशाख ठरवत होते तेव्हा समोर युरोपचा नमुना होता आणि हाताशी आपला मल्लखांबाचा लंगोट आणि स्वारीचा पेहराव. १९०१ पासून केरळातल्या तलश्शेरीत कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी कसरतपटू घडवले. जेमिनी सर्कस १९५१ ला सुरू झाली ती बिलिमोऱ्यात, जे गाव १९४९ पर्यंत गायकवाडांच्या बडोदा संस्थानात होतं. आपल्या दारातला हा दुवा कसरतीप्रमाणे लावलेल्या मांडणीत कुठे बसवणार?

आणि कापडही काळ सांगतं. नायलॉनचे मोजे १९३९ च्या आधीचे नसतात. लायक्राचा, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या कृत्रिम धाग्याचा, शोध १९५८ चा, बाजारात १९६२ ला. त्याआधी अंगाबरोबर बसवायला विणलेलं सूत, रेशीम किंवा लोकर लागे, आणि ते गुडघ्यावर पोतं व्हायचं. त्या एका धाग्याने पोशाखाचं सगळं कटिंग बदललं.

शिंपीआळी
लायक्राचा मुद्दा मान्य. पण सांभाळा: ते साल 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगतं. १९६२ चा धागा १९८० च्या पोशाखातही असतो. आणि १९५० च्या पोशाखावर १९७५ ला लायक्राचं ठिगळ बसलं असेल तर? नोंदीत 'मूळ शिवण' आणि 'दुरुस्ती' असे दोन काळ वेगळे हवेत.

ग्वाल्हेरी
छत्र्यांचं नाव निघालं म्हणून. विष्णुपंत ग्वाल्हेरला गवई हद्दू खाँसाहेबांकडे गाणंही शिकले होते, आणि पुढे हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ यांना त्यांनीच सांभाळलं, सर्कशीबरोबर नेलं. सर्कशीच्या तंबूत ख्याल! प्रदर्शनात आवाजाची एक खिडकी ठेवलीत तर बॅण्डच्या कोटांना सोबत होईल.

टाचणी
ग्वाल्हेरीकाका, घेते.

पोलोमैदान आणि शिंपीआळी, दोघांचं ऐकून असं सुचतंय: मांडणी कसरतीप्रमाणे, पण प्रत्येक पोशाखाच्या खाली एक आडवी पट्टी, तिच्यावर 'याच्या आधीचा नाही' ही खूण आणि दुरुस्तीच्या खुणा. पट्टीवर बोट ठेवलं की त्याच काळातले बाकीचे पोशाख दिसावेत. हे जमेल का?

पिक्सेलकाका
जमेल, फार अवघडही नाही. प्रत्येक नोंदीत दोन आकडे ठेवा: सर्वात आधीचं शक्य साल आणि सर्वात नंतरचं. 'अंदाजे सत्तरच्या दशकात' असं वाक्य एकाच खान्यात लिहिलंत तर संगणकाला क्रम लावता येत नाही. वाक्य वेगळ्या खान्यात.

ओमेका एस वापरा, म्हणजे संग्रहाच्या नोंदी ठेवून त्यांचं संकेतस्थळ करणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, साध्या होस्टिंगवर चालतं, एकाच नोंदीवरून दोन वेगळ्या मांडण्या निघतात. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं 'जतन' हे सॉफ्टवेअर मोठ्या सरकारी संग्रहालयांसाठी चांगलं आहे. तीन माणसांच्या गटाला ओमेका सोपं.

मोठ्या चित्रांसाठी फाइल जशीच्या तशी चढवू नका. विप्स नावाच्या साधनाने तिच्या लहान फरशा, म्हणजे चौकोनी तुकडे पाडा, ओपनसीड्रॅगन या झूम करणाऱ्या साधनाने दाखवा. मग मोबाइल फक्त समोरच्या फरशा ओढतो आणि टाक्यापर्यंत झूम होतो. यादीतल्या छोट्या चित्रांसाठी लांब बाजू १६०० पिक्सेल, जेपेगचा दर्जा ८०.

थ्रीडीबद्दल: चाळीसचं करू नका. तीन करा. घन आकार असलेल्यांचंच: जोकरचा कोट, हत्तीची झूल, एखादा शिरपेच. दर १० अंशांवर एक फोटो, म्हणजे एका फेरीत ३६, तीन उंचींवरून, वर जवळचे काही. एकूण सव्वाशेच्या आसपास. दोन लागोपाठच्या फोटोंत ७० टक्के भाग समान हवा. पोशाख फिरवत असाल तर मागचा पडदा सपाट काळा, नाहीतर फोटो जुळवून थ्रीडी आकार काढणारं सॉफ्टवेअर पडद्यावरच्या सुरकुत्या जुळवत बसतं. शेवटी थ्रीडी आकार ज्यांनी बनतो त्या जाळीचे त्रिकोण एक लाखापर्यंत उतरवा, त्यावर चढणारं पोताचं चित्र २०४८ पिक्सेलचं, थ्रीडीची जीएलबी फाइल दाबून ८ एमबीच्या आत. त्याच्यावर गेलात की स्वस्त मोबाइल गरम होतो आणि माणूस निघून जातो.

झगमग
पण सगळ्यात जास्त बघण्यासारखं काम टिकल्यांचंच आहे. त्याचं थ्रीडी नाही म्हणजे मुख्य गोष्टच गेली.

पिक्सेलकाका
टिकल्यांचंच होत नाही. ते सॉफ्टवेअर एकच बिंदू वेगवेगळ्या फोटोंत ओळखून अंतर काढतं. टिकलीवरची चकाकी कॅमेऱ्याबरोबर सरकते, मग बिंदू जुळत नाही आणि पृष्ठभागाला खड्डे पडतात. जाळीचं कापड आणि पिसंही तशीच फसवतात. कमाटीबाग यांचा आडवा फिल्टर लावला तर आकार बरा येतो, पण चमक जाते. म्हणजे जे दाखवायचं तेच नाही.

कमाटीबाग
टिकल्यांसाठी उलटं करा. कॅमेरा आणि पोशाख दोन्ही स्थिर, फक्त दिवा फिरवा. याला आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग) म्हणतात, माहितीचा अधिकार नव्हे. छातीवरचा २५-३० सेंटिमीटरचा नक्षीचा तुकडा निवडा. बाजूला दोन काळ्या चकचकीत गोळ्या ठेवा, फोटोत प्रत्येक गोळी किमान २०० पिक्सेलची दिसेल एवढ्या. दिव्याला सुतळी बांधा, नक्षीच्या लांबीच्या तीन-चार पट, म्हणजे साधारण एक मीटर. प्रत्येक वेळी सुतळी ताणून दिव्याचं अंतर मोजायचं, मग बाजूला करून फोटो. छत्रीच्या काड्यांसारखे १२ दिशांना, प्रत्येक दिशेत चार उंची, असे ४८ फोटो. सॉफ्टवेअर गोळीवरच्या चमकीवरून दिव्याची जागा ओळखतं. मग बघणारा मोबाइलवर बोट फिरवतो तसा प्रकाश फिरतो, टिकल्या एकेक करून पेटतात, मधले उसवलेले टाकेही दिसतात.

पंखा बंद. एक पदर हलला तरी अख्खी मालिका वाया. आणि पाय कॅमेऱ्याच्या स्टँडला लागू देऊ नका.

झगमग
हे पटलं. छान.

मांजरपाट
पुतळ्यांबद्दल कुणी बोललं नाही. दुकानातला पुतळा आणू नका. तो उंच, छाती मोठी, कंबर वाकडी. कसरतपटूंची अंगं लहान आणि खांदे रुंद. पोशाख पुतळ्यावर ओढावा लागला म्हणजे पुतळा चुकला.

आधी पोशाख मोजा, मग त्याहून लहान आकाराचा फॉर्म घ्या, वर पॉलिएस्टर वॅडिंगचे (कापसासारख्या भरणाचे) थर द्या, टाका घाला, वरून विणलेलं सुती कापड ओढून शिवा. छातीला आधी, कमरेला नंतर. पोशाख चढवताना दोन माणसं, हातात सुती किंवा नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) मोजे, अंगठ्या-घड्याळ काढून. जुन्या लायक्राचा पॉलियुरेथेन धागा पिवळा, चिकट किंवा कुरकुरीत झाला असेल तर तो पोशाख पुतळ्यावर चढवायचाच नाही. ताणला की आतले धागे तुटतात आणि परत येत नाहीत. तो आडवाच दाखवा.

घेतल्या घेतल्या कसरही तपासा. अळीचे कोष किंवा भोकं दिसली तर तो पोशाख जाड पॉलिथीनमध्ये, हवा काढून, उणे २० अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर बाष्प कापडावर बसतं. रंगवलेलं चामडं आणि ठिसूळ प्लास्टिक मात्र फ्रीझरमध्ये घालू नका. पावसाळ्यात हे काम टाळलंत तर उत्तम.

सुरसागर
नावांचं काय? यांतले निम्मे पोशाख कुणाचे हे लिहिलेलंच नसेल. 'मिस अमुक' एवढंच.

लेबललेखक
म्हणूनच लेबलं लिहिताना घाई नको. 'मिस' लावलेलं नाव हे खेळातलं नाव, ते तसंच लिहा आणि तसं सांगा. खरं नाव माहीत असेल आणि व्यक्ती हयात असेल तर विचारल्याशिवाय टाकू नका. बऱ्याच जणी सर्कस सोडल्यावर तो भाग शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत नाहीत.

फिक्या गुलाबी मोज्यांना कॅटलॉगमध्ये 'स्किन कलर' लिहू नका. कुणाची स्किन? 'फिका गुलाबी' लिहा आणि रंगकार्डावरचा आकडा द्या. युरोपातून आलेला गुलाबी रंग तलश्शेरीच्या मुलींच्या पायांवर होता हे त्या एका ओळीत कळतं.

लहान मुलांचे पोशाख असतील. आसनापर्यंतची लांबी आणि छाती मोजली की कळतं. १८ एप्रिल २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणायला सांगितली. अशा पोशाखाच्या लेबलात 'चिमुकला', 'गोड' असे शब्द नकोत. माप लिहा, कसरत लिहा, सालाचा अंदाज लिहा. फोटोत मुलाचा चेहरा असेल तर तो फोटो वापरूच नका.

शिंपीआळी
एक दुरुस्ती. लायक्राचा किंवा विणलेला पोशाख न ताणता मोजला की अंगापेक्षा बराच लहान भरतो. मोठ्या बाईचा पोशाखही टेबलावर लहान मुलीचा वाटतो. म्हणून छातीवरून ठरवू नका. न ताणणारा भाग शोधा, कमरेचा पट्टा, खांद्याची पट्टी, हाताच्या कडीची गोलाई. शंका असेल तर मूल म्हणून लिहू नका.

लेबललेखक
बरोबर, हे नोंदीच्या नमुन्यातच घालायला हवं. माप घेताना 'ताणून' की 'सैल' असा खाना.

पोलोमैदान
घोडेस्वार आणि रिंगमास्टरच्या पोशाखांना प्राण्यांचा इतिहासही जोडा. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या खेळावर बंदी आली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यानंतर रिंगमास्टरचा कोट कुणासाठी शिवायचा हाच प्रश्न झाला. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे फेटा बांधून उघड्या अंगाने वाघ-बिबट्यांत उभे राहत आणि अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्समध्येही गेले. म्हणजे पोशाख 'नसणं' हाही पोशाख होता, आणि तोही प्रदर्शनात यावा.

सुरसागर
बिबट्याच्या कातड्याचा पट्टा लावलेला एखादा पोशाख निघाला तर?

पोलोमैदान
आधी वन खात्याला विचारा, मग फोटो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली असं कातडं ताब्यात ठेवायला कागद लागतो. नकली असेल तरी तपासणी करून तसं लिहून घ्या.

रावपुरेकर
जुन्या पोस्टर आणि फोटोंना हक्काची (कॉपीराइटची) अडचण नाही ना? साठ वर्षं झाली की मोकळे.

लेबललेखक
फोटोंना आता तसं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत असतो. छापल्यापासूनची साठ वर्षं निनावी कामांना. स्टुडिओचा शिक्का पाठीमागे असेल तर पाठीचाही फोटो घ्या आणि आधी परवानगी मागा. शंका असलेला फोटो लहान आकारात, 'हक्कदार कळवा' अशा ओळीसह टाकणं ही सवय आहे, कायदा नाही.

पिक्सेलकाका
शब्दांबद्दल एक. बडोद्याचं प्रदर्शन म्हणजे मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही लागणार, आणि कलाकार केरळचे असतील तर मलयाळमही. एकच वस्तू कुणी 'झुला' लिहील, कुणी 'झूला', कुणी 'ट्रॅपीझ', कुणी 'हींचको'. शोधात निम्म्या नोंदी हरवतील. प्रत्येक संकल्पनेला एक आकडा द्या आणि त्या आकड्याखाली चारही भाषांतले शब्द. नोंदीत आकडाच जोडा. आपल्या विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, अशा शब्दयाद्या तपासून द्यायला तिथले विद्यार्थी मिळू शकतात.

सुरसागर
मूळ प्रश्न राहिला की. पहिलं चित्र कोणतं?

झगमग
बाहेरचं. माणूस चमक बघून थांबतो. तंबूतही तसंच.

कमाटीबाग
तंबूतली चमक दूरची असते. रिंग आधुनिक सर्कस सुरू करणाऱ्या इंग्लंडच्या फिलिप अ‍ॅस्टलेच्या काळापासून १३ मीटर व्यासाची. मागच्या रांगेतल्याला टाके दिसत नाहीत, फक्त मोठा आकार आणि रंग. म्हणून नक्षी ढोबळ असते. पहिलं चित्र बाहेरचंच ठेवायचं असेल तर ते मागच्या रांगेतून दिसावं तेवढं लहान ठेवा, काळ्या पडद्यावर अंगठ्याएवढं. बोट लावलं की जवळ यावं. पुन्हा लावलं की उलटावं, आतली बाजू. तीन पावलं.

शिंपीआळी
हे मला चालेल. आत पोचायला दोनदाच बोट लावावं लागलं पाहिजे, मेनूत दडवू नका.

टाचणी
कमाटीबाग यांची तीन पावलं गटालाही पटली आहेत. आधी एकच पोशाख पूर्ण करायचा ठरलंय: दोराच्या कसरतीचा निळा, आसनात लाल कळी असलेला. फोटोंची यादी अशी: समोर, मागे, दोन बाजू, उलटा करून समोर आणि मागे, आसन, दोन्ही काखा, गुडघ्यामागचे दोन, गळा, सगळ्या दुरुस्त्या, छातीच्या नक्षीचं आरटीआय आणि आडवा-सरळ फिल्टरची जोडी. तो चार वेगवेगळ्या मोबाइलवर तपासून मग बाकीचे एकोणचाळीस. यादीत काही राहिलं का?

मांजरपाट
हूक. पाठीचे हूक लावून एक फोटो, उघडे ठेवून एक. दुसरं कुणी लावून दिल्याशिवाय तो पोशाख घालता येत नव्हता हे त्यातूनच दिसेल.